जागा असेल तर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी आजऱ्याचा. नोकरीची छत्तीस वर्षं मुंबईत काढली आणि २०१० साली निवृत्त होऊन पुन्हा गावी आलो. सकाळी स्टँडवर पेपर घ्यायला गेलो की, कुणी ना कुणी भेटतं आणि एक प्रश्न ठरलेला असतो. ‘काय, तुम्ही विमान कंपनीत होता न्हवं? मग सगळं जग फुकट बघितलं असणार!’ मी हसतो आणि चहा सांगतो. उत्तर द्यायचं तर तेवढ्या चहात ते मावत नाही. आज आकाशवाणीने वेळ दिलाय, तेव्हा सांगतो.

मी सरकारी विमान कंपनीत फिटर होतो. कंपनीचं नाव घेत नाही. १९५३ साली सरकारने विमान वाहतुकीचं राष्ट्रीयीकरण केलं, त्यातून दोन महामंडळं झाली. परदेशी जाणारं एक आणि देशात फिरणारं एक. त्यातलं कुठलं, याने आजच्या गोष्टीत फरक पडत नाही. १९७४ साली मी सांताक्रूझच्या हँगरमध्ये लागलो. त्याआधी कोल्हापूरला आयटीआय केलं होतं. त्या आयटीआयचा, खानावळीचा आणि एसटीचा खर्च घरातून यायचा. घर म्हणजे दोन एकर भात. मी शिकावं म्हणून माझ्या थोरल्या भावाने सातवीतून शाळा सोडली होती. आम्ही त्याला आण्णा म्हणतो. हा आण्णा पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

मुंबईत पहिली दोन वर्षं मी लालबागला गावकीच्या गाळ्यात राहिलो. आजरा, चंदगड, गडहिंग्लज, भुदरगडकडची माणसं गिरणीत कामाला असायची आणि एकेका खोलीत पाळीपाळीने झोपायची. माझा चुलताही तिथेच होता. विमान कंपनीत लागलेला त्या गाळ्यातला मी पहिलाच. पहिल्या पगाराला कुणी पगार किती, असं विचारलंच नाही. सगळ्यांचं एकच, ‘पास मिळतो का रे?’ रेल्वेतल्या माणसाला पास असतो, एसटीतल्या माणसाला पास असतो, तेव्हा विमानवाल्यालाही असणारच, हा हिशेब.

होता, पास होता. आम्ही त्याला ‘पॅसेज’ म्हणायचो. ठरावीक वर्षं नोकरी झाली की, वर्षाला ठरावीक तिकिटं फुकट, त्यावर आणखी काही सवलतीत. ही काही आपल्याकडची सरकारी खैरात नव्हे. जगभरच्या विमान कंपन्यांत ही पद्धत होती आणि अजूनही आहे. कारण साधं आहे. गिरणीतलं कापड आज विकलं नाही तर उद्या विकता येतं. विमानातली जागा तशी नाही. दार लागलं आणि विमान रिकाम्या खुर्च्या घेऊन उडालं की, त्या खुर्च्यांची किंमत शून्य. शिळी भाकरी निदान म्हशीला तरी घालता येते. मग त्या खुर्चीवर आपलाच माणूस बसवला तर कंपनीचं जातं काय? थोडं इंधन आणि एक जेवण. पगार वाढवून देण्यापेक्षा हे स्वस्त. शिवाय कंपन्यांनी आपापसांत करार केलेले असायचे. एका कंपनीच्या नोकराला दुसऱ्या कंपनीच्या विमानात भाड्याच्या चौथ्या किंवा दहाव्या हिश्शात जाता यायचं. ज्या काळात मुंबई-दिल्ली विमानाचं भाडं म्हणजे माझ्यासारख्याचा महिन्याचा पगार, त्या काळात ही केवढी चैन होती!

पण त्या तिकिटावर एक अट असायची. ‘सब्जेक्ट टू लोड’. मराठीत सांगायचं तर, जागा असेल तर. पैसे भरलेले सगळे प्रवासी बसले, वेटिंगवाले बसले आणि त्यावर खुर्ची उरली तर ती आपली. बोलताना आम्ही ‘सबलोड’ म्हणायचो. ‘कसा चाललायस?’ ‘सबलोड.’ यात सगळं आलं. काउंटरच्या एका बाजूला उभं राहायचं. ट्रॅफिकवाल्यांना, म्हणजे प्रवाशांचं काम बघणाऱ्या आमच्याच माणसांना, सारखं विचारायचं नाही. फक्त त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचं. त्यांनी मान हलवली की पिशव्या उचलून पळायचं. त्यातही ज्येष्ठता. साहेबाचं कुटुंब आलं की ते पुढे, फिटरचं मागे. एकाच पदाची दोन माणसं असली की ज्याची नोकरी जुनी तो आधी. कपडे नीट हवेत, चप्पल नको, आपण फुकट आलोय हे शेजारच्या प्रवाशाला सांगायचं नाही आणि जेवणात हवं ते संपलं असेल तर जे मिळेल ते गुमान खायचं. सोयरिकीत मुलीकडच्यांनी वागावं तसं.

आमच्या वसाहतीत या तिकिटांवर अख्खी संसारशास्त्रं उभी होती. सुट्टी कधी घ्यायची? शाळांना सुट्टी नसते तेव्हा. कुठे जायचं? जिथे कुणी जात नाही तिथे, भर पावसात किंवा भर उन्हाळ्यात. आखाताकडच्या विमानांचं नाव काढायचं नाही, ती सत्तरच्या दशकापासून कामगारांनी गच्च भरून जायची. कोण सिंगापूरला जाऊन टू-इन-वन आणायचा, कोण हाँगकाँगहून कॅमेरा. मग कस्टमवाल्यांशी हुज्जत. परकीय चलन मोजकंच मिळायचं, त्यामुळे लंडन बघून आलेला माणूस तिथे काय खाल्लं हे सांगत नसे. आम्हीही १९८८ साली लंडनला गेलो. बायको, दोन मुलं आणि पिशवीभर दशम्या, शेंगदाण्याची चटणी. विमान फुकट पण उतरल्यावर चहा विकत. जाताना सरकारला परदेश प्रवास कर मात्र भरावा लागायचा. तो १९७९ साली शंभर रुपयांनी सुरू झाला, पुढे वाढत गेला आणि २००४ साली रद्द झाला. फुकट तिकिटालाही पैसे लागतात, हे माझ्या धाकट्याला तेव्हा पटलं नव्हतं. अजूनही तो त्यावरून चिडवतो.

आता आईवडिलांची गोष्ट.

त्या पॅसेजसाठी कुटुंबाची यादी द्यावी लागे. छापील फॉर्म होता. बायको, अवलंबून असलेली मुलं, मुलगी लग्न होईपर्यंत आणि अवलंबून असलेले आईवडील. संपलं. मी फॉर्म भरला, खाली आण्णाचं नाव लिहिलं. कारकून चांगला माणूस होता, त्याने रेघ मारली आणि म्हणाला, ‘भाऊ कुटुंबात येत नाही.’ नियम तसा होता. जगात सगळीकडेच साधारण तसाच होता. कुठेतरी रेघ मारावी लागणारच, नाहीतर आपल्याकडचं कुटुंब धरलं तर एका फिटरमागे एक अख्खं जम्बो लागेल.

१९८३ साली आईबाबांना काशीला न्यायचं ठरवलं. आई तयार होईना. १ जानेवारी १९७८ ला ‘सम्राट अशोक’ हे जम्बो विमान मुंबईहून दुबईला निघालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, २१३ माणसं गेली. ती बातमी आईने याच रेडिओवर ऐकली होती. मी तेव्हा रात्रपाळीला होतो, पण आईला वाटलं, मी त्या विमानातच असणार. तार पोचेपर्यंत दोन दिवस तिने अन्न घेतलं नव्हतं. ‘मला न्हाई बसायचं तुज्या इमानात. तूबी नगं बसू, नुसतं नट पिळत जा,’ असं तिचं म्हणणं. शेवटी बाबा म्हणाले, ‘आगं, काशीला निगालोय. पडलं तरी पुन्यच हाय.’ यावर ती हसली आणि तयार झाली.

निघताना तिने विचारलं, ‘आन् थोरला?’

मी सांगितलं, ‘आई, कंपनीच्या नियमात भाऊ कुटुंबात येत नाही.’

‘मग त्यो कुनाच्या कुटुंबात येतो?’

मी काही बोललो नाही. आण्णा परड्यात भाताच्या पेंढ्या रचत होता, त्याने ऐकलं की नाही ठाऊक नाही. त्यानेच आम्हाला बैलगाडीतून स्टँडवर आणून सोडलं. वर घनसाळचं अर्धं पोतं दिलं, मुंबईला खायला. दरवर्षी द्यायचा. आमच्या आजऱ्याच्या त्या वासाच्या तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आज दुकानात त्याचा भाव ऐकला की, मला त्या अर्ध्या-अर्ध्या पोत्यांचा हिशेब करावासा वाटतो.

मुंबई-दिल्ली जागा मिळाली, दिल्ली-वाराणसीही मिळाली. नऊवारीतल्या माझ्या आईला खिडकी दिली. तिने सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. जेवण आलं तेव्हा उघडले. ट्रेमधला प्लॅस्टिकचा चमचा तिने ओच्यात बांधून आणला. तो पुढे कितीतरी वर्षं आमच्या आजऱ्याच्या घरात हळदीच्या डब्यात होता. काशी झाली, गंगा झाली आणि परतीला जागा मिळेना! एक दिवस गेलो, परत आलो. दुसऱ्या दिवशी तेच. विमानतळ गावापासून लांब, जायचं-यायचं भाडं खिशातून. तिसऱ्या दिवशी पैसे संपत आले, तसे आम्ही रेल्वेच्या जनरल डब्यात बसून मुंबईला आलो. आईच्या मांडीवर गंगेच्या पाण्याचा तांब्या होता. तिचा पाय दुखून आला होता, पण चेहरा खुलला होता. ‘हितं कसं, मानसं तरी बोलत्यात,’ म्हणाली. विमानात तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

ही झाली गंमत. असले किस्से आमच्या वसाहतीत घरटी चार मिळतील. दुसरी गोष्ट मी आजवर फारशी कुणाला सांगितली नाही.

१९८६ सालचा डिसेंबर. नाताळच्या अलीकडचे दिवस. दुपारी एकच्या सुमाराला हँगरमध्ये निरोप आला, आजऱ्याहून पोस्टातून ट्रंक कॉल होता, बाबा सीरियस. साहेबांनी लगेच सुट्टी दिली. आता आजरा गाठायचं कसं? दोन वाटा होत्या. एक एसटीची. मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी आमच्याकडची थेट गाडी सुटायची, पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी, उत्तूर करत सकाळी आजऱ्यात. दुसरी विमानाची. मुंबईहून दाभोळी तासाभराचं, तिथून सावंतवाडी आणि आंबोलीचा घाट चढून आजरा. जागा मिळाली तर रात्रीच घरी.

जागा मिळाली तर.

मी विमानतळावर गेलो. नाताळात गोव्याला जाणारी विमानं कशी असतात हे मला, विमानं दुरुस्त करणाऱ्याला, ठाऊक नव्हतं का? होतं. पण ट्रॅफिकवाल्या ओळखीच्या माणसाला कारण सांगितलं, तो म्हणाला, बघतो, थांब. पहिलं विमान भरून गेलं. त्यात काहीच उरलं नाही. दुसऱ्याला दोन खुर्च्या उरल्या. माझ्या पुढे एक वरिष्ठ अधिकारी होते, बायकोबरोबर सुट्टीला चाललेले. त्यांची नोकरी माझ्याहून कितीतरी जुनी. नियमाने त्या खुर्च्या त्यांच्या आणि त्यांना मिळाल्या. त्या माणसाने घेऊ नये, असं म्हणायला त्याला माझं कारण कळायला हवं होतं. मी त्यांना सांगितलंच नाही. साहेबाला कसं सांगायचं, असं वाटलं. आज वाटतं, सांगायला काय झालं होतं? फार तर नाही म्हणाले असते.

विमानाचं दार लागलं तेव्हा सात वाजून गेले होते. मी सहा तास एका खांबाजवळ उभा होतो. मुंबई सेंट्रलला पोचेपर्यंत आमची थेट गाडी सुटून गेली होती. रात्रीच्या कोल्हापूर गाडीत उभ्याने बसायला मिळालं, म्हणजे ड्रायव्हरच्या मागच्या पेटीवर. सकाळी कोल्हापूर. तिथून दुसरी गाडी. वाटेत ती पंक्चर झाली. उत्तूर ओलांडलं तेव्हा ऊन तापलं होतं. दारात पोचलो तर अंगणात माणसं बसलेली, सगळी आंघोळी करून. हिरण्यकेशीच्या काठी सगळं उरकलं होतं. आण्णाचं डोकं तुळतुळीत भादरलेलं होतं.

तो उठून आला आणि एवढंच म्हणाला, ‘इमान हुकलं व्हय रं?’

मी म्हणालो, ‘व्हय.’

हे खोटं होतं, श्रोतेहो. विमान हुकलं नव्हतं. एसटी हुकली होती आणि ती मी हुकवली होती. दुपारी सरळ मुंबई सेंट्रलला गेलो असतो तर सकाळी आठला आजऱ्यात असतो. फुकटाच्या विमानाची वाट बघण्यात माझे सहा तास गेले. आणि नुसतं फुकट म्हणूनही नाही. गावात विमानवाला म्हणून नाव होतं. बाप आजारी असताना विमानवाला एसटीने आला, असं व्हायला नको होतं, हेही मनात कुठेतरी होतंच.

त्यानंतर मी पॅसेज वापरले नाहीत, असं मुळीच नाही. मघाशी सांगितलेली लंडनची सहल त्यानंतरचीच. मुलांना काश्मीरखेरीज सगळा देश दाखवला. त्यांची शाळेतली निबंधवही बघितली असती तर श्रीमंताघरची मुलं वाटली असती. पण आजऱ्याला यायचं असलं की मी एसटीने यायचो, रिझर्वेशन करून. बायकोने कधी कारण विचारलं नाही.

पुढे दिवस बदलले. खाजगी कंपन्या आल्या. २००३ मध्ये स्वस्तातली विमानं सुरू झाली आणि कोणत्या खुर्चीचे किती पैसे मिळतील हे संगणक ठरवायला लागला. रिकामी खुर्ची उरेनाशी झाली. कागदावर सवलत होती, पण काउंटरवरचा माणूस मान हलवेना. २००७ साली दोन्ही सरकारी कंपन्या एक झाल्या. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून जुहूला विमान आणून ज्या कंपनीची सुरुवात केली, ती जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली. आमच्यासारख्या निवृत्तांचे पॅसेज आता काय, यावर जुने सहकारी फोनवर तासतासभर बोलतात. मी ऐकून घेतो. त्यांचंही खरं आहे. कमी पगारात माणसं टिकून राहिली, त्यात या तिकिटांचा वाटा मोठा होता. मी स्वतः आखातातली दुप्पट पगाराची नोकरी त्यापायी नाकारली. नाकारली ते बरं झालं, असंही कधी वाटतं. १९९० साली कुवेतवर इराकने हल्ला केला आणि अम्मानहून आपल्या लाखाहून जास्त माणसांना ४८८ फेऱ्या करून विमानांनी परत आणलं. त्या वेळी आम्ही हँगरमध्ये दिवसरात्र होतो. उतरणाऱ्या माणसांच्या हातात पिशवीसुद्धा नसायची. त्यातला एक मी असतो.

आता शेवटचं. कोल्हापूरच्या उजळाईवाडीला विमानतळ आहे, राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. मधली किती तरी वर्षं तिथे विमान कधी असायचं, कधी नसायचं. २०१८ साली ‘उडान’ योजनेतून ते पुन्हा सुरू झालं. या योजनेत तासाभराच्या प्रवासाला काही जागांचं भाडं अडीच हजारांच्या आत ठेवायचं असा नियम होता. पुढच्या वर्षी कोल्हापूरहून तिरुपतीला विमान निघालं. आपल्याकडची माणसं बालाजीला किती जातात, हे सांगायला नको.

आण्णा तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा. एका संध्याकाळी तो आला आणि म्हणाला, ‘काजूचं पैसं आल्यात. बालाजीला जाऊया म्हणतोय. इमानानं.’ मी म्हणालो, तिकीट मी काढतो. तो म्हणाला, ‘तुझं तू काढ. माझं मी काढतो.’ आणि नोटा मोजून माझ्या हातात ठेवल्या.

विमान दुपारचं होतं. मी सवयीने सकाळीच निघायला लावलं. उजळाईवाडीच्या त्या छोट्या इमारतीत आम्ही एवढे लवकर पोचलो की, काउंटरसुद्धा उघडला नव्हता. उघडल्यावर मी जुन्या सवयीने बाजूला जाऊन उभा राहिलो. आण्णा रांगेत. त्याने वळून विचारलं, ‘तिकडं का उभारलास? जागा हाय न्हवं आपल्याला?’

‘हाय,’ मी म्हणालो, ‘पैसे भरलेत.’

बोर्डिंग कार्डावर दोघांचे खुर्चीचे नंबर शेजारी शेजारी छापून आले होते. पंख्याचं विमान, शिडी चढून जायचं. आण्णाला खिडकी दिली. त्याने आईसारखे डोळे मिटले नाहीत. खाली उसाचे पट्टे दिसत होते, ते तो मोजत बसला. कुणाचं रान कसं आहे, पाणी कुठलं असेल, हेच चाललं होतं. मग मध्येच, बाहेर बघत बघतच, त्याने विचारलं, ‘बाबा गेलं तवा तू त्या दिवशी किती वेळ थांबला हुतास रं इमानासाठी?’

मी सांगितलं. सहा तास. एसटीचंही सांगितलं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘आमी अकरापतूर थांबलो हुतो. लोकं म्हणाली, आता नगं.’

इतक्यात चहा-कॉफीची गाडी आली. या विमानांत आता ते विकत असतं. आण्णाने दोन कॉफी सांगितल्या आणि पैसे देताना माझा हात बाजूला केला.